टिकली उंदरीचं दार

एका शेताला होता एक बांध. बांधात होतं एक बीळ. बिळात राहायची टिकली उंदरी. टिकली एवढीशी. तिची चार पिल्लं त्याहून एवढीशी. गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेली.

एके दिवशी दुपारी दवंडी आली. ढुम ढुम ढुम.

"मोठं पाणी येतंय हो. आठ दिवस घराबाहेर पडू नका. दाणे भरा. सरपण भरा. दारं लावा."

ढुम ढुम ढुम. दवंडी पुढच्या गावाला गेली.

टिकली मोठी हुशार. तिने सगळं आधीच भरलं होतं. दाणे भरले. आंबोशीचे तुकडे भरले. पेंढा भरला. इतकं भरलं, इतकं भरलं, की तिला स्वतःला वळायला जागा उरली नाही.

आता फक्त दार लावायचं. टिकलीचं दार म्हणजे अर्धी करवंटी. तिने करवंटी उचलली. तेवढ्यात आली शिंक. आक् छू. करवंटी सुटली. घर्र घर्र घर्र, बांधावरून खाली गेली.

आता काय? वरून पाणी पडलं तर पिल्लं भिजतील. एवढीशी पिल्लं गारठून जातील. टिकलीला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ कुणाला आहे? डोंगरावर ढग आला होता. मोठ्ठा, राखाडी, झोपाळू ढग. हळू हळू, गप्प गप्प येत होता.

टिकली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

बांधाखाली होता खेकडोबा. करवंटी नेमकी त्याच्या बिळावर पालथी पडली होती. त्याला वाटलं, बरं झालं, झाकण मिळालं. टिकली म्हणाली,

"खेकडोबा, खेकडोबा, करवंटी दे.
करवंटीने दार लावीन.
दारामागे पिल्लं निजतील.
मोठं पाणी येतंय."

खेकडोबाने एक डोळा इकडे केला, एक डोळा तिकडे केला. आठ दिवस त्यालाही घरातच काढायचे होते. त्याच्या बिळाला दार नको का? आणि माती तर सगळी कडक कडक.

"आधी मऊ माती, मग करवंटी," खेकडोबा म्हणाला.

टिकली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. ढग निघाला. हळू हळू, गप्प गप्प.

केळीखाली होती गांडूळताई. तिच्याकडे माती मऊ मऊ. टिकली म्हणाली,

"गांडूळताई, गांडूळताई, माती दे.
माती खेकड्याला देईन.
खेकडा करवंटी देईल.
करवंटीने दार लावीन.
दारामागे पिल्लं निजतील.
मोठं पाणी येतंय."

गांडूळताई लांब झाली. गांडूळताई आखूड झाली. विचार करताना ती असंच करते. मग म्हणाली, की माती आहे गं ढीगभर, पण आठ दिवस मी खाऊ काय? घरात एक वाळकं पान नाही.

"आधी पानं, मग माती," गांडूळताई म्हणाली.

टिकली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. ढग ताडाच्या शेंड्यापाशी आला. हळू हळू, गप्प गप्प.

विहिरीपाशी होते उंबरआजोबा. अंगावर पानंच पानं. टिकली म्हणाली,

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, पानं द्या.
पानं गांडुळाला देईन.
गांडूळ माती देईल.
माती खेकड्याला देईन.
खेकडा करवंटी देईल.
करवंटीने दार लावीन.
दारामागे पिल्लं निजतील.
मोठं पाणी येतंय."

उंबरआजोबांनी जांभई दिली. सळ सळ सळ. पण एकही पान सोडलं नाही. त्यांच्या खोडात किडा शिरला होता. कुर कुर, कुर कुर. खोड पोखरलं तर वाऱ्यात आजोबा उभे कसे राहतील?

"आधी किडा काढ, मग पानं," उंबरआजोबा म्हणाले.

आता टिकलीला कुठे येतो किडा काढता? टिकली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

पलीकडच्या आंब्यावर होता सुतारपक्षी. टक टक टक. टिकली म्हणाली,

"सुतारदादा, सुतारदादा, किडा टिप.
उंबर पानं देईल.
पानं गांडुळाला देईन.
गांडूळ माती देईल.
माती खेकड्याला देईन.
खेकडा करवंटी देईल.
करवंटीने दार लावीन.
दारामागे पिल्लं निजतील.
मोठं पाणी येतंय."

सुतारदादा म्हणाला, किडा टिपणं म्हणजे माझ्या चोचीचा खेळ. पण ढोलीत गारवा फार. अंड्यांना ऊब हवी. मऊ चिंधी हवी.

"आधी चिंधी, मग किडा," सुतारदादा म्हणाला.

टिकली निघाली. पाय दुखले. लुटु... लुटु... लुटु. ढग घरांच्या कौलांवर आला. हळू हळू, गप्प गप्प.

पहिल्याच घराच्या ओटीवर ठमाकाकी गोधडी शिवत होती. गोधडीभोवती चिंध्याच चिंध्या. लाल चिंध्या, निळ्या चिंध्या. टिकली म्हणाली,

"ठमाकाकी, ठमाकाकी, चिंधी दे.
चिंधी सुताराला देईन.
सुतार किडा टिपेल.
उंबर पानं देईल.
पानं गांडुळाला देईन.
गांडूळ माती देईल.
माती खेकड्याला देईन.
खेकडा करवंटी देईल.
करवंटीने दार लावीन.
दारामागे पिल्लं निजतील.
मोठं पाणी येतंय."

दमली बिचारी. तुम्हीही दमलात ना ऐकून?

ठमाकाकीने घरात बोट दाखवलं. तिथे होती कणगी, भात भरायची उंच उंच टोपली. कणगीला पडलं होतं भोक. भोकातून भात गळत होता. झुर झुर, झुर झुर.

"आठ दिवस माझी पोरं काय खातील गो?" काकी म्हणाली. "आधी भोक बुजव, मग चिंधी."

टिकली भोकापाशी गेली. भोक बघितलं. आणि आणखी जवळ सरकली. भोकाच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. एवढ्याशा, एवढ्याशा. खुणा टिकलीच्याच होत्या. घर भरायच्या घाईत तिनेच कणगी कुरतडली होती.

पळून जावंसं वाटलं तिला. मग पिल्लं आठवली. आत झोपलेली काकीची पोरंही दिसली. टिकली नाही पळाली.

"काकी, भोक मीच पाडलं," ती म्हणाली. "उंबऱ्यावर मूठ नव्हती."

काकीची सुई थांबली. ठमाकाकीच्या घरी रीत होती. कणगी भरली की भाताची पहिली मूठ उंबऱ्यावर ठेवायची. ज्याला शेत नाही, त्याची ती मूठ. दरवर्षी टिकली तीच मूठ न्यायची. यंदा दवंडीच्या आधीपासूनच मोठ्या पाण्याची धास्ती. काकीने भराभरा कणगी भरली आणि मूठ ठेवायची विसरली.

"चुकलं गो बाय," काकी म्हणाली. "तुझं पण आणि माझं पण."

मग टिकली कामाला लागली. कणगीची एक काडी दातात धरली, ओढली, जागेवर बसवली. दुसरी ओढली, बसवली. जे दात कुरतडत होते, तेच दात विणू लागले. वरून काकीने शेणाचा हात फिरवला. झुर झुर थांबली.

काकीने लाल चिंधी दिली. आणि उंबऱ्यावर भाताची एक मूठ ठेवली. "ही तुझी. पाणी ओसरलं की ये न्यायला," म्हणाली.

टिकली पळाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

चिंधी सुताराला दिली.
सुताराने किडा टिपला. टक टक टक.
उंबराने पानं दिली. सळ सळ सळ.
पानं गांडुळाला दिली.
गांडुळाने माती दिली.
माती खेकड्याला दिली.
खेकड्याने करवंटी दिली.
करवंटीने दार लावलं.
दारामागे पिल्लं निजली.

आणि ढग आला. टप. टप टप. टप टप टप.

मोठं पाणी आलं. शेत बुडालं, वाट बुडाली. बांध तेवढा वर राहिला. खेकडोबा मऊ दारामागे. गांडूळताई पानांत. उंबरआजोबा वाऱ्यात हलले, पण पडले नाहीत. लाल चिंधीवर सुताराची अंडी. नव्या गोधडीखाली काकीची पोरं, पोटभर जेवलेली. कुणालाच बाहेर जायला लागलं नाही. आणि टिकलीच्या बिळात एक थेंबही आला नाही. करवंटीवर पाऊस वाजायचा, पिल्लं झोपायची. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस.

नवव्या दिवशी टिकलीने दार सरकवलं. ऊन पडलं होतं. पिल्लांनी पहिल्यांदा डोळे उघडले. टिकली काकीच्या उंबऱ्यावर गेली. मूठ तिथेच होती. एक दाणा कमी नाही.

टिकलीने दाणे घरी आणले. त्यातला पहिला दाणा आत नेला नाही. आपल्या दाराबाहेर ठेवला. थोड्या वेळाने एक मुंगी आली आणि तो दाणा घेऊन गेली.

इथे गोष्टीचं दार लागलं. पांघरूण ओढा, आणि मिटा डोळे.