नाक्यावरची तिरडी

संस्थानची अफू इंग्रजी मुलखात चोरून जायची, तेव्हाची गोष्ट. सीमेच्या नाक्यावरचा कुत्रा गाडीन् गाडी हुंगायचा. तिरडी मात्र कुणी तपासत नसे. जमादार शिदोजी उठून हात जोडायचा, "जाऊ द्या बिचाऱ्याला," म्हणायचा.

एकदा कुत्र्यानं तिरडीला विचारलं, "मढ्याला अफूचा वास कसा?"

"मढं नाहीच आत," तिरडी म्हणाली. "जमादाराला ठाऊक आहे. दर खेपेला त्याची अफूची गोळी ठरलेली. भुंकू नकोस, तुलाही गुळातून देतील."

कुत्रा दर खेपेला गूळ खाऊन गप्प बसू लागला.

वर्षभरानं एका दुपारी तिरडी एकटीच नाक्याच्या दाराशी टेकून उभी होती, मोकळी.

"आज अफू नाही?"

"नाही."

"मग कुणाला न्यायला आलीस?"

"जमादार आज हात जोडायला उठला का?"

कुत्रा भुंकायला गेला. पण कसं भुंकायचं, तेच त्याला आठवेना.