जास्तीचे स्क्रू

“…मग मला कायमचं इथंच ठेवून घ्यायला काय हरकत आहे, आक्का?”

हे विचारणारे आमचे हेच. आणि मी शेजारी, हातात नारळ धरून बसलेली.

त्या वर्षी मी दत्तगुरूंना नवस बोलले होते. ह्यांनी उघडलेली घरातली एक तरी वस्तू पुन्हा मिटू दे. पाच गुरुवार तुझ्या दारी येईन, नारळ वाढवीन.

उगाच नव्हते बोलले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हातांना चैन नव्हती. नारळ खवायचं यंत्र करायचं म्हणून मिक्सर उघडला. यंत्राला पट्टा हवा म्हणून माझं शिवणयंत्र उघडलं. मग इस्त्री कशासाठी उघडली, ते मी विचारलंच नाही. यंत्र मात्र झालं. नारळ खवलाही त्यानं. अर्धा ताटात, अर्धा भिंतीवर.

“पहिलाच प्रयोग आहे,” हे म्हणाले, आणि दुसऱ्यासाठी रेडिओ उघडायला बसले. मी भिंत पुसली.

पाचव्या गुरुवारी हे आपणहून म्हणाले, “चल, मीही येतो.” मला वाटलं, पावला गं दत्त! पिशवीत ह्यांनी दोन सदरे आणि पंचा भरलेला दिसला. तेव्हाही मला वेडीला वाटलं, वाटेत चिखल असेल म्हणून घेतले असतील.

आक्का म्हणजे नदीपलीकडच्या दत्ताच्या लहानशा मठाच्या गुरू. वयानं ऐंशीच्या पुढं, अंगानं मूठभर. कुणाला पाया पडू देत नसत. “पायच आहेत ते, त्यांत काय बघायचंय,” म्हणत.

ह्यांचा प्रश्न ऐकून त्या वाती वळत राहिल्या.

“इथं राहून काय करशील, अच्युत?”

“साधना. आणि मठासाठी काही यंत्रं. आरतीची घंटा आपोआप वाजेल अशी सोय माझ्या डोक्यात तयार आहे.”

“घंटा वाजवायला माणसं आहेत की रे.”

“माणसं दमतात, आक्का. यंत्र दमत नाही.”

“आणि घर?”

“घराचं काय! मी असलो काय, नसलो काय, घर चालतंच.”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. “चालतं का गं, कुमुद?”

गुरुवार होता. समोर दत्तमहाराज. खोटं कसं बोलणार?

“चालतं, आक्का,” मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“बघा!” हे म्हणाले.

…

मंडपातल्या कट्ट्यावर मठाचा जुना टेबलफॅन कुरकुरत होता. बोलणं चालू होतं तेव्हाही ह्यांचा एक डोळा तिकडंच होता, ते मला ठाऊक. ह्या माणसाला लग्नात अंतरपाटापलीकडच्या माझ्यापेक्षा बँडवाल्याच्या कर्ण्याचं कौतुक जास्त होतं.

“हा किती दिवस असा रडतोय?” ह्यांनी विचारलं.

“त्याचं तो रडतो, वारा देतो. राहू दे.”

पण सदऱ्याच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघालासुद्धा. मी डोळे मिटले. दत्ता, निदान तुझं तरी सोडायचं ह्यांनी!

बघता बघता पंखा फरशीवर मोकळा पडला. जाळी एकीकडं, पाती एकीकडं. ह्यांनी तेल सोडलं, पुसलं, फुंकलं. आणि काय सांगू, परत जोडलाही! बटन आणि रेग्युलेटर पलीकडच्या भिंतीवर होते; तिथं जाऊन बटन दाबलं. पाती फिरली. कुरकुर गेली.

माझे हात आपोआप जोडले गेले.

“हे काय राहिलं?” आक्कांनी विचारलं.

फरशीवर दोन स्क्रू होते, आणि बुडाखालची रबरी बटनं.

“ते जास्तीचे. कंपन्या देतात उगाच चार वस्तू जास्त. बघा ना, त्यांच्यावाचून चालतोय की नाही?”

“चालतोय बाई,” आक्का म्हणाल्या. स्क्रू आणि रबरं त्यांनी वेचली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ कमरेला खोचली.

“वेग वाढव.”

ह्यांनी वाढवला.

“अजून.”

पंखा थरथरायला लागला. थरथरता थरथरता कट्ट्यावरून पुढं सरकायला लागला. इंच इंच, एखादं तान्हं मूल रांगावं तसा. कट्ट्याच्या कडेशी येतो न येतो तोच ह्यांनी झडप घालून त्याची मान धरली.

“बंद करतो जरा.”

“नाही. चालतोय ना? चालू दे.”

“पण हात सोडला तर पडेल, आक्का!”

“पडेल?”

“पडेलच! बुडाला आधार नाही. ते स्क्रू द्या, दोन मिनिटांत बसवतो.”

“कुठले स्क्रू?”

“तुमच्या पदरात बांधलेले!”

“ते जास्तीचे आहेत,” आक्का म्हणाल्या.

ह्यांनी पंख्याची मान आणखी घट्ट धरली.

पंखा घरघरतच होता. ह्यांचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि तो वर करायला हात मोकळा नव्हता. एरवी मी पटकन उठते. उठलेही. आक्कांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

“कुमुद, जेवलीस?”

“नाही, आक्का. ह्यांचं व्हायचंय.”

“तो कामात आहे. तू बस.”

मला आत नेऊन त्यांनी स्वतः पान मांडलं. भात वाढला, वरण वाढलं, तुपाची धार धरली. मी संकोचानं अर्धी झाले. असं आयतं, गरम पान माझ्यापुढं कुणी मांडून किती काळ लोटला होता, मला आठवेना.

“आक्का,” मंडपातून ह्यांचा आवाज आला, “हिला जरा इकडं पाठवा. तेवढं हिला धरू दे, मी बटनाकडं जातो.”

“ती जेवतेय.”

“मग तुम्ही तरी…”

“मी वाढतेय.”

…

मी घास हातातच धरून मंडपाकडं पाहिलं. माणसाला इतकं ताणायचं? हाताला कळ लागली असेल ह्यांच्या.

“आक्का!” ह्यांचा आवाज आता पार उतरला होता. त्यात रागही नव्हता उरला. “हात भरून आलेत हो. हे असं किती वेळ धरून ठेवायचं माणसानं?”

आक्कांनी माझ्या पानात आणखी एक डाव भात वाढला. वळून पाहिलंसुद्धा नाही.

“मला काय विचारतोस, अच्युत? हिला विचार.”