राजकन्येचं एकुलतं एक नाव

राजा प्रतापधवलांना आपल्या लेकीसाठी असं नाव हवं होतं, जे अख्ख्या मांडगिरी राज्यात दुसऱ्या कुणाचंच नसेल! बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, ते रखडत रखडत पोरीला दात यायची वेळ आली. बारशाच्या घुगऱ्या शिजवायच्या आणि नाव फिसकटलं की हत्तीखान्यात धाडायच्या, असं चाललं होतं. हत्ती तेवढे माजले.

राजपंडित त्रिविक्रमशास्त्री रोज एक नाव काढून आणत. एकदा म्हणाले, "अनुपमेयकांतिवल्लरी! अर्थ असा, की जिच्या तेजाला उपमा नाही अशी वेल!"

राणीसाहेब म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, पोर विहिरीकडे निघाली, तर एवढी हाक पुरी होईपर्यंत आत पडेल की हो!"

साधं नाव निवडावं, तर ते कुणाचं तरी असायचंच. शेवटी राजानं दवंडी पिटवली. राजकन्येसाठी जे नाव ठरेल, ते बाकीच्यांनी सोडायचं, नाहीतर राज्य सोडायचं! आधी 'मालती' ठरलं. साऱ्या मालत्यांची नावं गेली. त्यांत निम्म्या सुना! सासरच्यांनी लग्नात बदललेलं नाव आता कुठे अंगवळणी पडत होतं, तर तेही राजानं काढून घेतलं. आठवड्यात राजाचं मन मालतीवरून उडालं आणि यमुनांची पाळी आली. यमुना नावाच्या म्हशीसुद्धा सुटल्या नाहीत. त्या नव्या नावाला ओ देईनात आणि दूधही देईनात.

राणीसाहेबांना बांगड्या भरायला हौसा कासारीण वाड्यात यायची. हात मऊ करता करता तिच्या तोंडून निघून गेलं, "आमची केतकी आता बसायला लागली बघा!"

"केतकी! अगं बाई, किती गोड!" राणीसाहेब म्हणाल्या. हौसानं उरलेल्या बांगड्या घाईघाईनं भरल्या. आपल्या जिभेला काय झालं होतं, असं म्हणत ती घरी आली, तोवर दवंडी दारात हजर!

केतकी हे नाव हौसाच्या सासूनं ठेवलेलं. म्हातारीनं शेवटच्या आजारात नातीला मांडीवर घेऊन ते नाव उच्चारलं होतं. हौसाला आधी रडू आलं, मग राग आला, आणि त्या रागातच ती दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या सासूनं ठेवलेलं नाव मी नाही सोडायची!"

राजाच्या भुवया चढल्या. "मग तूच आण शोधून! नाव असं हवं, की ते राज्यात कुणाचं नसेल आणि पुढेही कुणी ठेवणार नाही. अर्थही चांगला पाहिजे. उद्यापर्यंत आणलंस तर तुझी केतकी तुला. नाही आणलंस तर पोरीसकट सीमेपार!"

"आणि हो," शास्त्रीबुवा मिशीत हसले, "उच्चारायला सोपं!"

हौसा घरी निघाली. गल्लीगल्लीत दिवेलागणीच्या हाका चालल्या होत्या. पारू, कोंडाई, सुलू, गंगे! इतक्या घरांत तिनं बांगड्या भरल्या होत्या, कुठलं नाव म्हणून ऐकायचं राहिलं नव्हतं. एकच नाव तिनं कुठल्याही उंबऱ्यावर कधी ऐकलं नव्हतं. ते आठवलं आणि ती वाटेतच थबकली.

सकाळी ती दरबारात म्हणाली, "नाव मिळालं! पण आधी दवंडी पिटवा. ज्या बाईचं नाव करुणावती असेल, तिनं यावं आणि सोन्याचे गोट घेऊन जावं!"

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. करुणावती म्हणजे राजाच्या आजीसाहेब! राजा लहान असताना राज्य त्यांनी हाकलं होतं.

दवंडी फिरली. दिवस मावळला तरी एक बाई फिरकली नाही! सोन्याच्या मोहानं एक म्हातारी तेवढी दारापर्यंत आली. "नाव मोठ्यानं सांग," असं पहारेकऱ्यानं म्हटल्यावर तिनं कानाला हात लावला आणि "राहू द्या तुमचं सोनं!" म्हणत माघारी फिरली.

राजा चक्रावला. "नाव तर चांगलं आहे! शास्त्रीबुवा, अर्थ काय?"

"दयाळू, महाराज," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"मग कुणी ठेवत का नाही?"

हौसानं पदर खोचला. "आजीसाहेबांनी चुलीवर कर बसवला, महाराज. पाळण्यावर बसवला. पोर जास्त रडली तरी दंड! मग कुठली आई त्या नावानं लेकीला हाक मारील? त्यांनी कधी दवंडी पिटवली नाही, तरी नाव त्यांचं एकटीचं राहिलं. ठेवा तेच! उद्या राजकन्येनंही तसाच कारभार केला, तर पुढेही कुणी ठेवणार नाही. तुमच्या साऱ्या अटी पुऱ्या!"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. राजाचा हात आपोआप पाठीवर गेला. लहानपणी आजीसाहेबांच्या छडीचा प्रसाद त्यानंही खाल्ला होता. "नको! माझ्या लेकीला ते नाव नको गं बाई!" तो ओरडला. "पण मग केतकी ठेवलं तर उद्या घरोघरी केतक्या होतील, त्याचं काय?"

"व्हायलाच हव्यात, महाराज! राजकन्या लोकांच्या मनात भरली, तर आया तिचंच नाव ठेवणार. एकही झाली नाही, तर मात्र घाबरा!"

राजा आधी लाल झाला, मग फिसकन हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मालत्यांना आणि यमुनांना त्यांची नावं परत दिली, म्हशींनाही दिली, आणि हौसाला जवळ बोलावलं.

"मला सख्खी बहीण नाही, हौसाबाई. बारशाला आत्या तुम्हीच व्हायचं. आत्याचा मान म्हणून जरीची साडी, पाच बिघे जमीन आणि तुमच्या केतकीला चांदीचा पाळणा! आता चला, हत्तींच्या आधी घुगऱ्या वाटा, आणि माझ्या लेकीच्या कानात केतकी म्हणा!"