एकाच आवाजाच्या घंटा

फार फार जुनी गोष्ट आहे. एका राज्याच्या अगदी टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि नदी आडवी येते, तिथे एक नावाडी राहत होता. नाव चालवणं हे त्याचं काम, आणि गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा कोरणं हा त्याचा नाद. पलीकडून हाक येईपर्यंत तो काठावर बसून लाकडाचा तुकडा पोखरत राहायचा.

त्या गावची गुरं दिवसभर जंगलात चरत. झाडी इतकी दाट, की चार पावलांवरची गाय दिसत नसे. म्हणून प्रत्येक जनावराच्या गळ्यात घंटा असायची, आणि माणसं आपली गुरं डोळ्यांपेक्षा कानांनीच राखायची.

नावाड्याची एक रीत होती. ज्याला घंटा हवी त्याने आपलं जनावर घेऊन घाटावर यायचं आणि नावाड्याकडे पाठ करून बसायचं. नावाडी घंटा वाजवायचा, थोडी पोखरायचा, आतला लोलक बदलायचा, पुन्हा वाजवायचा. कधी घटकाभर लागे, कधी सगळी दुपार. मग एखाद्या आवाजाला त्या माणसाची मान आपोआप मागे वळायची. ती त्याची घंटा. गावातल्या कुठल्याही दोन घंटा सारख्या वाजत नसत, आणि ते सगळे आवाज नावाड्याला तोंडपाठ होते. त्याबद्दल कुणी त्याला भोपळा आणून देई, कुणी ताकाचं मडकं, आणि तो खुशीत असे.

पहिली घंटा त्याने आपल्या थोरल्या बहिणीच्या गाईसाठी कोरली होती. आईच्या माघारी या अक्कानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. उतारवयात तिची दृष्टी गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सोबतीला होती तीच तांबूस गाय, तिचं नाव पवळी. संध्याकाळी जंगलाच्या वाटेवर पवळीची घंटा वाजली, की अक्का चूल सोडून कुंपणाशी येऊन उभी राहायची. गाय येऊन तिच्या खांद्याला तोंड घासायची. अक्काच्या दिवसात वाट बघण्यासारखं तेवढंच होतं.

एकदा राजधानीकडचा एक व्यापारी नावेत बसला. त्याने घंटा हातात घेऊन वाजवून पाहिली आणि नावाड्याला वेड्यात काढलं. इतकी कला हातात असून तू लोकांना नदी पार करून देत बसतोस, असं म्हणाला. रीतसर परवाना काढ, दुकान थाट, घंटेवर राजाचा शिक्का मार, मग बघ.

नावाड्याच्या मनात ते घर करून राहिलं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी आताच सांगून टाकतो. हातात कसब असलेल्या माणसाला दुकान थाटावंसं वाटलं, तर त्याने खुशाल थाटावं. चूक पुढेच झाली, आणि ती इतकी बारीक होती की त्या वेळी कुणाच्या लक्षातही आली नाही.

नावाडी धुतलेला अंगरखा घालून कचेरीत गेला. कारभाऱ्याने वही उघडली, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि विचारलं, "नमुने किती ठेवणार?" परवाना घेणाऱ्याने आपल्या मालाचा नमुना कचेरीत ठेवायचा आणि पुढचा सगळा माल त्याबरहुकूम करायचा, असा नियम होता.

नावाडी गडबडला. त्याच्या मागे रांगेत विणकर उभा होता, तेली उभा होता, सगळे मुरलेले धंदेवाईक. आपल्याकडे गाय तशी घंटा असते, गिऱ्हाइकाला पाठ करून बसवावं लागतं, हे या लोकांसमोर सांगायचं कसं? पोरखेळ म्हणून हसतील. त्याने मान ताठ केली आणि म्हणाला, "एकच."

कारभाऱ्याने एक लिहिलं आणि शिक्का मारला.

दुकान उभं राहिलं. सांगायला आनंद वाटतो की ते चांगलं चाललं. नाव त्याने दुसऱ्याला दिली, चार सुतार कामाला ठेवले, नमुन्याचं माप सगळ्यांना आखून दिलं. शिक्क्याच्या घंटा सुबक होत्या, टिकाऊ होत्या, त्यांचा आवाज गोड आणि खणखणीत होता. फक्त तो सगळ्यांचा एकच होता. गावाला आपल्या नावाड्याचा अभिमान वाटू लागला. बघता बघता लोकांनी जुन्या घंटा सोडून शिक्क्याच्या बांधल्या. शेजाऱ्याच्या गाईला शिक्क्याची घंटा आणि आपल्याला तीच जुनी, हे कुणाला रुचणार?

पवळीची घंटा मात्र जुनीच होती. एका पावसाळ्यानंतर ती तडकली, तेव्हा अक्का काठी टेकत, गाईला धरून दुकानात आली. दुकानात गर्दी होती. नावाड्याने फळीवरची एक घंटा काढली आणि स्वतःच्या हाताने पवळीच्या गळ्यात बांधली.

अक्काने विचारलं, "पाठ करून बसू का रे?"

"आता त्याची गरज नाही अक्का. सगळ्या सारख्याच चांगल्या आहेत."

अक्काने घंटा हलवून ऐकली. छान आहे म्हणाली, आणि आणखी काही बोलायचं होतं ते न बोलता निघून गेली. भाऊ मोठा झाला होता. त्याचा वेळ खाऊ नये, असं तिला वाटलं असेल.

त्या हिवाळ्यात एके दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. त्यातच जंगलात वाघाची डरकाळी झाली आणि कळप उधळला. सगळं गाव जंगलाच्या कडेला धावलं. अक्काही गेली.

धुक्यात काही दिसत नव्हतं, पण घंटा वाजत होत्या. डावीकडे वाजत होत्या, उजवीकडे वाजत होत्या, आणि सगळीकडून तोच गोड, खणखणीत आवाज येत होता. माणसं एका आवाजामागे धावत आणि दुसऱ्याचीच गाय घेऊन परत येत. अक्का एकेका घंटेच्या रोखाने जायची, हात पुढे करून शिंगं चाचपायची आणि पुन्हा मागे फिरायची.

ओढ्याजवळच्या दलदलीतून एक घंटा फार वेळ वाजत होती. ज्याने त्याने ती ऐकली, आणि ज्याला त्याला वाटलं की ती दुसऱ्या कुणाची तरी असेल. कामात गुंतून दुकानातच राहिलेल्या नावाड्याच्याही कानावर ती आली. एवढ्या धुक्यातूनही आपल्या घंटेचा आवाज किती स्वच्छ येतो, असं मनात येऊन त्याला बरं वाटलं.

मग ती घंटा थांबली.

धुकं विरलं तेव्हा पवळी सापडली. गळ्यापर्यंत चिखलात रुतली होती आणि तिच्यात प्राण नव्हता. चिखलाच्या वर तिचं तोंड आणि घंटा तेवढी दिसत होती, शिक्क्यासकट.

अक्का दलदलीच्या काठावर बसून होती. नावाडी तिच्याजवळ जाऊन बसला. ती म्हणाली, "मी ऐकत होते रे. ती मला बोलावत होती, आणि मी म्हटलं, असेल कुणाची तरी."

ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर त्याला सोसलं असतं.

नावाडी तसाच कचेरीत गेला. त्याने कारभाऱ्याला सगळं सांगितलं: जनावर तशी घंटा, पाठ करून बसणं, मान वळणं. मला एका नमुन्यात अडकवू नका, म्हणून हात जोडले.

कारभाऱ्याने जुनी वही काढली, पान शोधलं आणि त्याच्यासमोर फिरवलं. 'एक' या आकड्यापुढे सगळी ओळ कोरी होती. "हवे तितके नमुने लिहिता आले असते. गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे, असंही लिहिता आलं असतं. शिंप्याच्या परवान्यात तसंच आहे. मी विचारलं होतं. एकच म्हणून तूच सांगितलंस."

मग त्याने त्या कोऱ्या ओळीत 'गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे' असं लिहून दिलं, आणि नावाडी परतला. दुकान त्याने मोडलं नाही, पण दारात एक पाट मांडला, गिऱ्हाइकाला पाठ करून बसायला. गावात पुन्हा निरनिराळे आवाज झाले. मग त्याने खूप दिवस खपून, आठवून आठवून, पवळीची जुनी घंटा जशी वाजायची तशी एक घंटा केली आणि अक्काच्या अंगणात जाऊन वाजवली.

अक्काची मान चटकन वळली. ती उठून कुंपणापर्यंत आलीसुद्धा. तिथे तिने हात पुढे केला, आणि तो नुसताच हवेत राहिला.

"हीच," ती म्हणाली. "अगदी हीच. पण आता ही बांधू कुणाच्या गळ्यात?"

मुलांनो आणि थोरांनो, आपल्या छंदाचा रीतसर धंदा जरूर करावा. पण ज्या गुणासाठी लोक आपल्याकडे येतात, त्याचीच लाज वाटून तो उंबऱ्याबाहेर ठेवू नये.