यंत्राला धुळीचा त्रास

एका नगरपालिकेत निवृत्ती बोराडे नावाचा हवा मोजणारा कर्मचारी होता. गावाच्या मधोमध ट्रकनाका होता आणि नाक्यावर हवा मोजायचं यंत्र. रोज सकाळी त्यात एक पांढरा गोल कागद घालायचा, कालचा काढायचा, त्यावर किती धूळ बसली ते वजन करून बघायचं आणि नाक्यावरच्या फलकावर लिहायचं, एवढंच त्याचं काम. माणूस सरळ होता. कागद रोज तव्याच्या बुडासारखा काळा निघायचा आणि बोराडे रोज फलकावर लिहायचा, 'आज हवा: वाईट'.

तो राहायचाही नाक्यावरच, एका दुकानाच्या माडीवर. त्याची बायको कौसल्या खिडकीशी बसून ब्लाउज शिवायची. उजेड तिथूनच यायचा, आणि धूरही तिथूनच. दोन वर्षं तिचा खोकला हटत नव्हता.

म्हणून बोराडेने एकदा हिंमत केली. काळा कागद घेऊन तो नगरपालिकेच्या सभेत गेला आणि पोह्यांच्या बशांमध्ये तो ठेवला. म्हणाला, "साहेब, ट्रक गावाबाहेरच्या रस्त्याने वळवा. लोक हे रोज छातीत भरून घेतायत."

नगराध्यक्ष आबासाहेबांचं नाक्यावर हॉटेल होतं. ट्रक गेले की गिऱ्हाईक गेलं. त्यांनी कागद एका बोटाने लांब सारला आणि बशी जवळ ओढली.

"बोराडे, एवढं नाजूक यंत्र. असल्या धुळीत ठेवतं का कुणी? बिघडेल की. उद्याच्या उद्या बागेत हलवा."

सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या. गावातल्या माणसांची इतकी काळजी त्या सभेत कधी कुणी केली नव्हती.

"पण साहेब, ते धूळ मोजायलाच तर..."

"तुम्हाला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे," आबासाहेब पोहे खाता खाता म्हणाले. "नऊ वर्षं झाली ना हंगामी?"

बोराडेने काळा कागद उचलून घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः उभं राहून यंत्र बागेत नेलं आणि कडुनिंबाच्या झाडाखाली बसवलं.

त्यानंतर कागद पांढरा घातला की जवळजवळ पांढराच निघू लागला. फलक मात्र नाक्यावरच राहिला. बोराडे रोज त्याच्यावरची काजळी फडक्याने पुसायचा आणि त्याच फलकावर लिहायचा, 'आज हवा: उत्तम'. फडकं काळं व्हायचं. ते कुणी वजन करून बघत नव्हतं.

पुढे ट्रक वळवण्याचा ठराव खरंच सभेपुढे आला. आबासाहेबांनी फलकावरचा मजकूर वाचून दाखवला आणि ठराव तिथेच निकालात निघाला. त्याच सभेत बोराडे कायम झाला. त्याने पेढे वाटले.

कौसल्येला आता दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण रोज थोडा वेळ तरी हिला चांगल्या हवेत नेऊन बसवा." गावात चांगली हवा कुठे आहे, हे बोराडेइतकं कुणाला ठाऊक असणार? तो तिला रोज संध्याकाळी बागेत नेऊ लागला आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसवू लागला.

एके दिवशी तिचं लक्ष शेजारच्या यंत्राकडे गेलं.

"अहो, हे आपल्या खिडकीखालचंच ना? इथं कशाला आणलं?"

"त्याला तिथं धुळीचा त्रास व्हायचा."

कौसल्या बराच वेळ खोकत राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "अन् मला?"

बाग बंद करायची वेळ झाली, माळ्याने शिट्टी वाजवली. दोघं उठली आणि तिच्या चालीने, थांबत थांबत, नाक्याकडे निघाली. यंत्र कडुनिंबाखालीच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोराडेने फलक पुसला आणि लिहिलं, 'आज हवा: उत्तम'. वर माडीवर कौसल्या खोकत होती, आणि ते त्याला खाली रस्त्यावर स्पष्ट ऐकू येत होतं.

तात्पर्य: यंत्राची जागा बदलली की फक्त फलकावरचा शब्द बदलतो, हवा होती तशीच राहते, आणि ज्याने भीतीपोटी तो शब्द लिहिला त्याच्या घरातली माणसंही तीच हवा ओढतात.