इन्सुलिन बाहेरच थांबतं

"सकाळी तुम्हीच मीटरवर बाबांची शुगर मोजलीत, चारशे दहा. आणि मला थांबा म्हणता, भंतेजी?"

डॉ. प्रसेनजित खोब्रागडे विहाराच्या मागच्या खोलीचं दार ठोठावत होते. एका हातात इन्सुलिनचं इंजेक्शन. पायात बूट तसेच.

आत त्यांचे वडील होते. निवृत्त पोस्टमन, दहा दिवसांसाठी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झालेले. डोकं मुंडवून चीवर अंगावर घेतलं की तेवढे दिवस घरचेही त्या माणसाला 'भंते' म्हणतात, पोटचा मुलगाही वाकून वंदन करतो. डॉक्टर मात्र परवा आले आणि "बाबा, हे नाटक पुरे" असं चारचौघांत बोलून मोकळे झाले. तेव्हापासून म्हाताऱ्यानं सुई टोचून घेतली नव्हती.

"औषधाला आमच्यात मनाई नाही," ओसरीवर बसलेले विहाराचे प्रमुख भदंत उपसील म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना. संध्याकाळपर्यंत शुद्ध जाईल त्यांची."

"हे इन्सुलिन शरीरात काय करतं?"

"आत्ता सांगू?"

"आत्ता."

डॉक्टर चिडले होते, पण शिकवायची खोड जात नाही.

"पेशीवर रिसेप्टर असतो. एक प्रथिन. अर्धं पेशीच्या बाहेर, अर्धं आत. इन्सुलिन बाहेरच्या भागावर बसतं."

"मग आत शिरतं?"

"त्याची गरजच नसते. रिसेप्टर आकार बदलतो, निरोप आत पोचतो. साखरेला वाट पेशी स्वतःच देते."

"आणि बाहेरून सारखा मारा झाला तर?"

"पेशी रिसेप्टर आत ओढून घेते."

खोलीची खिडकीही आतून बंद झाली.

दोघं त्या खिडकीकडे पाहत राहिले…

"आकार बदलतो, म्हणजे कसा?"

डॉक्टरांनी इंजेक्शन खिशात ठेवलं. दोन्ही हात फाकवून धरले.

"रिकामा असताना आतले दोन भाग असे लांब. इन्सुलिन बसलं की… असे जवळ."

तळव्याला तळवा टेकला.

"तसेच राहू द्या," भदंत म्हणाले.

…

डॉक्टर आपल्या हातांकडे पाहत होते. मग बुटांकडे.

त्यांनी बूट काढले. दारापुढे गुडघे टेकले. ते त्यांना जड गेलं, भीतीही वाटत होती.

"वंदामि, भंते. चुकलो मी."



मग कडी निघाली. दार वीतभर उघडलं आणि चीवरातून एक वाळलेला हात तेवढा बाहेर आला.

"पयले हात धू," आतून आवाज आला. "बूट काढले तुनं."

डॉक्टर नळाकडे धावले. परतले, सुई टोचली. हात आत गेला. दार मात्र उघडंच राहिलं.

डोळे पुसत ते उठले.

"आत जाऊन त्यांना नीट समजावू का, भंतेजी?"

"इन्सुलिन आत जातं का?"