काळीच्या वाटची चोच

कोंबडे भरदुपारी आरवत, त्या काळची गोष्ट. मालकिणीनं डालग्याखाली झाकून वाढवलेली पिल्लं अंगणात मोठ्या कोंबड्यांत सोडली, तेव्हा त्यांतली तांबडी कोंबडी भडकली. दाण्याकडे येईल त्याला ती टोचू लागली.

“आजी, भूक लागलीय हो,” एक पिल्लू रडकुंडीला आलं.

“लागू दे! मी नवी होते तेव्हा काळीनं माझी मान सोलून काढली होती. आणि तुम्हांला आयतं ताट?”

“मग काळीला टोचा की!”

“तिला कशी टोचू? थोरली आहे ती!”

आता पिल्लू संतापलं. त्यानं मानच पुढे केली. “तर मग टोचा! पुढल्या वर्षी नवी पिल्लं आली, की आम्हीही त्यांना तुमचं नाव सांगून टोचू.”

तांबडीची उगारलेली चोच तशीच राहिली. पिल्लं दाणे टिपू लागली.